सिनेमा लावला की दिवे का अडतात? एकाच रास्पबेरी पायवर चालणाऱ्या घराची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळचं रो-हाऊस, घरात वडीलधारी माणसं आणि एक शाळकरी मुलगी. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), ४ जीबी रॅमचा, एसडी कार्डावर चालणारा. त्यात डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या ‘कंटेनर’मध्ये चालवणारी सोय) होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारा), मॉस्किटो (उपकरणांचे निरोप पोचवणारा ‘ब्रोकर’), झिगबी-टू-एमक्यूटीटी (झिगबी या दिवे-सेन्सरांच्या रेडिओवरचे निरोप ब्रोकरपर्यंत नेणारा) आणि जेलीफिन (साठवलेले सिनेमे टीव्हीला पुरवणारा). ४ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि झिगबीचं डोंगल, दोन्ही पायच्याच यूएसबीला. हे सगळं टीव्ही युनिटच्या मागे कोंबलेलं.

तक्रारी पाच आहेत. रात्री सिनेमा लावला की दिवे उशिरा लागतात किंवा लागतच नाहीत. सबटायटल लावले की सिनेमा अडखळतो. लाईट जाऊन आली की निम्मी उपकरणं ‘अनअव्हेलेबल’ दिसतात, आणि एकदा तर ‘डिस्क फुल’ म्हणून होम असिस्टंटच उठला नाही. टीव्ही रात्री आपोआप सुरू होतो. आणि एकदा लाईट आल्यावर टाकीची मोटर कुणी न सांगता चालू झाली. शेवटचा सवाल: हे सगळं मोडीत काढून मिनी पीसी घ्यावा का?

सुरुवात मोटरपासून करतो. बाकीच्या चार गोष्टींनी चिडचिड होते, या पाचवीने वाइंडिंग जळतं.

तुम्ही लिहिलेला एक तपशील मोलाचा आहे: मोटर चालू झाली ती लाईट परत आल्यावर लगेच. अशा वेळी दोनच संशयित असतात. पहिला एमक्यूटीटीचा, म्हणजे उपकरणं ज्या पद्धतीने निरोप धाडतात तिचा, ‘रिटेन’. रिटेन लावून पाठवलेला शेवटचा निरोप ब्रोकर जपून ठेवतो आणि त्या टॉपिकवर (निरोपाच्या पत्त्यावर) नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो लगेच देतो. तापमान, टाकीची पातळी अशा माहितीसाठी ही सोय उत्तम, कारण होम असिस्टंट उठल्याबरोबर त्याला ताजी स्थिती कळते. पण ‘मोटर चालू कर’ हा हुकूम रिटेन होऊन बसला असेल, तर मोटरचं ईएसपी बोर्ड (मोटर चालवणारं वायफायवरचं छोटं सर्किट) जेव्हा जेव्हा ब्रोकरला जोडलं जाईल तेव्हा तेव्हा त्याला तोच हुकूम मिळणार, मग तुम्ही तो गेल्या आठवड्यात दिलेला का असेना. एमक्यूटीटी एक्स्प्लोररमध्ये (ब्रोकरवरचे निरोप दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मोटरचा कमांडचा टॉपिक उघडा. तिथे रिटेन केलेला निरोप दिसला तर त्याच टॉपिकवर रिकामा निरोप रिटेन लावून पाठवा, जुना पुसला जाईल. मग कुठल्या ऑटोमेशनमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये रिटेनची खूण राहून गेली आहे ते शोधून काढा. माहितीला रिटेन, हुकुमाला कधीही नाही.

दुसरा संशयित बोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डात भरलेला प्रोग्रॅम. तुम्ही टास्मोटा वापरता असं लिहिलं आहे. त्यात वीज आल्यावर रिले (बोर्डाने चालणारा स्विच) कुठल्या स्थितीत यावा याचं मूळ सेटिंग ‘शेवटची स्थिती परत आण’ असं असतं. म्हणजे मोटर चालू असताना लाईट गेली, तर लाईट आल्यावर मोटर पुन्हा चालू, आणि तोवर टाकी भरलेली आहे की विहिरीत पाणी नाही याची त्या बोर्डाला काहीच कल्पना नाही. ‘पॉवरऑनस्टेट’ शून्यावर आणा. शिवाय ‘पल्सटाइम’ लावा, म्हणजे टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ झाला की रिले स्वतःच सुटेल. ही वेळमर्यादा बोर्डावर हवी, होम असिस्टंटमध्ये नाही. वायफाय गेलं, पाय अडकला, कार्ड मेलं, तरी मोटर थांबली पाहिजे.

आणि हे मी पर्याय म्हणून सांगत नाही: टाकीतला फ्लोट स्विच तारेने, सिरीजमध्ये, कंट्रोल सर्किटला जोडून घ्या. एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट हे खरं, पण सुरू होताना ती त्याच्या कित्येक पट करंट ओढते. दहा अँपिअर लिहिलेला छोटा रिले त्या धक्क्याने कधीतरी चिकटतो, आणि चिकटलेल्या रिलेला कुठलंही सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (जड भारासाठीच्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा, सोबत ओव्हरलोड रिले असावा. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. मेन बंद करून. आणि टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही असं समजू नका.

आता दिवे आणि सिनेमा. ही तक्रार मला सगळ्यात आवडली, कारण इथे लोक हमखास चुकीच्या जागी खणतात. ऑटोमेशन पुन्हा लिहितात, दिवे काढून पुन्हा जोडतात, कधी कधी दिवेच बदलतात. तुमच्याकडे दिवे बिघडलेले नाहीत, ऑटोमेशनही बरोबर असणार. दिवसभर सगळं चालतं आणि सिनेमा लागला की अडतं, याचा अर्थ सिनेमा आणि दिवे कुठली तरी एक गोष्ट वाटून घेत आहेत. ती गोष्ट तीनपैकी एक असू शकते: प्रोसेसर, वीज किंवा हवा. हवा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ.

तिन्हीतलं कोणतं हे अंदाजाने ठरवायचं नाही. सिनेमा चालू ठेवा, दुसऱ्या स्क्रीनवर झिगबी-टू-एमक्यूटीटीचा लॉग (त्याच्या कामाची नोंद) उघडा, लॉग लेव्हल ‘डीबग’वर (सगळ्यात बारकाईच्या नोंदीवर) न्या आणि फोनवरून हॉलचा दिवा लावा. बटण दाबल्यानंतर हुकूम लॉगमध्ये दोन-चार सेकंद उशिरा उमटला, तर यंत्राला श्वास घ्यायला फुरसत नाही: प्रोसेसर किंवा कार्ड. हुकूम ताबडतोब उमटला आणि पाठोपाठ पाठवणं फसल्याची, पोच न आल्याची ओळ आली, तर पायने आपलं काम चोख केलं आहे आणि निरोप हवेत हरवला आहे. एवढ्या एका पाहणीत निम्मी शोधाशोध वाचते.

तुमच्या मांडणीवरून माझी पैज हवेवर आहे. यूएसबी ३ ची उपकरणं आणि त्यांच्या केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट करतात. यावर इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर टिपण काढलं होतं. झिगबी नेमकं त्याच पट्ट्यात बोलतं आणि फार हळू आवाजात बोलतं. तुमची हार्ड डिस्क पायच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात आणि डोंगल तिच्या शेजारच्या पोर्टात. सिनेमा सुरू झाला की डिस्कवरून डेटा वाहतो, गोंगाट सुरू होतो आणि डोंगलला लांबच्या दिव्यांची पोच ऐकू येत नाही. टीव्हीजवळचे दिवे लागतात आणि जिन्यातला लागत नाही असं तुम्ही लिहिलं आहे, तेही या निदानाला धरूनच आहे.

उपाय: मीटर-दीड मीटरची, चांगल्या शील्डिंगची यूएसबी २ एक्स्टेंशन केबल घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावा, ती केबल पायच्या काळ्या पोर्टात खोचा आणि डोंगल टीव्ही युनिटच्या बाहेर, उघड्यावर, धातूपासून दूर ठेवा. वायफाय राउटरच्या डोक्यावर नको. काही शे रुपयांत होणारं हे काम आहे. खात्री हवी असेल तर केबल यायच्या आधी एक संध्याकाळ डिस्क काळ्या पोर्टात लावून बघा. एका सिनेमाला यूएसबी २ चा वेग पुरून उरतो. दिवे नीट वागले तर निदान पक्कं.

यानंतर झिगबीचा चॅनेल. झिगबी-टू-एमक्यूटीटीचा मूळ चॅनेल ११, आणि तो वायफायच्या चॅनेल १ च्या पोटात येतो. तुमचा राउटर चॅनेल १ वर असेल तर दोघं एकमेकांच्या अंगावर बोलत आहेत. झिगबीचे १५, २० आणि २५ हे वायफायच्या १, ६, ११ यांच्या फटीत किंवा कडेला बसतात. पण झिगबीचा चॅनेल बदलला की काही उपकरणं हट्टीपणा करतात आणि पुन्हा जोडावी लागतात, म्हणून मी उलटं करतो: आधी राउटरचा २.४ चा चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ६ किंवा ११ वर कायम करतो आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवतो. ४० वर ठेवलेला एकटा राउटर अर्धा पट्टा खाऊन टाकतो आणि त्याचा घरात कुणाला फायदा होत नाही.

जिन्यातल्या दिव्याबद्दल आणखी एक. विजेवर कायम चालणारी झिगबी उपकरणं पुढच्याचा निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरची पोचवत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की पॅसेजमधला स्मार्ट बल्ब मेला, आणि त्याच्यामार्फत बोलणारा जिन्यातला दिवाही एकटा पडला. दोष मोठ्यांचा नाही, मांडणीचा आहे. माझं मत स्पष्ट आहे: स्मार्ट बल्ब भाड्याच्या घरासाठी ठीक. स्वतःच्या घरात बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल घ्यावं, म्हणजे बटणही चालतं आणि फोनही. फक्त बोर्डात न्यूट्रल आहे का ते आधी वायरमनकडून बघून घ्या. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, नुसत्या बटणांच्या बोर्डात बहुधा नसतो. बिनन्यूट्रलची मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट ओढून जगतात, त्यामुळे कमी वॅटचे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात. त्यावर दिव्याला समांतर लावायचा बायपास मिळतो.

बल्ब ठेवायचेच असतील तर त्यांचं ‘पॉवर-ऑन बिहेवियर’ बदला. बऱ्याच बल्बांना वीज आली की पेटायचं एवढंच माहीत असतं, म्हणून पहाटे तीनला लाईट आली की बेडरूम उजळते. सगळ्या बल्बांत हे सेटिंग नसतं. असेल तर ‘प्रीव्हियस’ निवडा.

आता वीज. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाईलचा फास्ट चार्जर कितीही वॅटचा असला तरी तो जोर ९ किंवा १२ व्होल्टवर दाखवतो. पाय तसा व्होल्टेज मागत नाही, त्याला ५ व्होल्टच मिळतात आणि बारीक तारेच्या केबलमध्ये त्यातलेही थोडे गळतात. वर पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांत मिळून १.२ अँपिअर एवढीच सोय आहे, आणि पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना त्यातला मोठा वाटा मागते. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेला की पाय स्वतःच नोंद करतो. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ला ‘गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) विचारा. नुसतं शून्य आलं तर छान. पाचावर चार शून्यं आली तर मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आणि प्रोसेसरचा वेग उतरवावा लागला असा अर्थ. होम असिस्टंटमध्येही वीजपुरवठा तपासणारं इंटिग्रेशन आहे. वीज कमी पडते आहे असं दिसलं तर पायला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आणि डिस्कला वेगळ्या विजेवर चालणारा यूएसबी हब द्या. व्होल्टेजच्या दुखण्याची लक्षणं फार फसवी असतात. आज डिस्क गायब, उद्या डोंगल, परवा कार्ड खराब, आणि माणूस तिन्ही बदलत बसतो.

‘डिस्क फुल’चं प्रकरण हे तुमच्या सगळ्या तक्रारींतलं सगळ्यात गमतीदार आहे, कारण तुमची ४ टीबीची डिस्क निम्मी रिकामी आहे असंही तुम्हीच लिहिलं आहे. भरलं ते एसडी कार्ड. कसं, ते बघा. लाईट अचानक गेली. डिस्क एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या पद्धतीने) फॉरमॅट केलेली, ती नीट बंद न झाल्यामुळे ‘डर्टी’ राहिली. लाईट आल्यावर पायच्या लिनक्सने ती माउंट करायला, म्हणजे एका फोल्डरवर जोडून घ्यायला, नकार दिला. पण माउंटचा फोल्डर तर जागेवर आहेच, रिकामा. डॉकर उठला, त्याने तोच रिकामा फोल्डर कंटेनरला दिला. रात्री डाउनलोड सुरू झाले आणि ते डिस्कऐवजी कार्डावर उतरले. ३२ जीबी भरायला किती वेळ लागतो? कार्ड भरलं, होम असिस्टंटचा डेटाबेस लिहिता येईना, दिवे बंद. सिनेमाच्या फायलींनी जिन्यातला दिवा घालवला, तो असा.

तपासायला सोपं आहे. डिस्क अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या दिसायला हव्या अशा फोल्डरमध्ये बघा. तिथे अर्धवट उतरलेल्या फायली सापडतील. त्या पुसा. मग तो फोल्डर रिकामा आणि अनमाउंट असतानाच त्याला ‘सीएचएटीटीआर’ (chattr) या आज्ञेने अपरिवर्तनीय करून टाका. डिस्क माउंट झाली की त्याच्यावर ती बसेल आणि लिहिता येईल. नाही झाली तर कुणालाही तिथे काही लिहिता येणार नाही आणि चूक लगेच ओरडून समोर येईल. डिस्क शक्य झाल्यास ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने) फॉरमॅट करा. हो, आतला सगळा डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागेल, शनिवार जाईल, पण करा. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाने, नोंद करा आणि ‘नोफेल’ लावा, म्हणजे डिस्क रुसली तरी पाय उठेल.

कार्ड भरण्याची दुसरी वाट म्हणजे डॉकरचे लॉग. त्यांच्या मूळ पद्धतीत आकाराला मर्यादाच नसते. डीबग लॉग चालू करून विसरलात तर महिनाभरात दिसेल. डॉकरच्या सेटिंगच्या कंपोझ फाइलमध्ये लॉगचा कमाल आकार आणि फायलींची संख्या घाला. आणि होम असिस्टंटचा रेकॉर्डर. तो मुळात १० दिवसांची नोंद ठेवतो आणि दर ५ सेकंदांनी ती लिहितो. दर सेकंदाला वॅट कळवणारा स्मार्ट प्लग असेल तर तो एकटा कार्डाला दिवसरात्र ओरखडत असतो. असे सेन्सर रेकॉर्डरमधून वगळा. जमलं तर होम असिस्टंट एसडी कार्डावरून छोट्या एसएसडीवर हलवा. पाय ४ यूएसबीवरून सुरू होऊ शकतो. एसएसडी लावली तर डोंगलची एक्स्टेंशन केबल काढू नका, तीही यूएसबी ३ चीच.

बॅकअप आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच कार्डावर असेल तर तो बॅकअप नव्हे.

लाईट आल्यानंतरच्या ‘अनअव्हेलेबल’मध्ये तीन-चार वेगवेगळी दुखणी एकत्र दिसतात. पाय राउटरच्या आधी उठतो. फायबरचा डबा आणि राउटर मिळून मिनिट-दोन मिनिटं घेतात, तोवर पायला नेटवर्कच नाही. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही, त्यामुळे नेट येईपर्यंत तो जुन्याच वेळेत जगतो. सूर्यास्ताची ऑटोमेशन भलत्या वेळी सुटतात, सुरक्षित जोडण्या सर्टिफिकेटच्या तारखेवरून नाकारल्या जातात. मग राउटर उठला की तो ज्याला जमेल तसे आयपी पत्ते वाटतो, आणि काल १९२.१६८.१.२० वर असलेला टीव्ही आज .३४ वर जातो. होम असिस्टंट जुन्या दारावर टकटक करत बसतो.

यातलं आयपीचं दुखणं पंधरा मिनिटांत संपतं: राउटरमध्ये टीव्ही, पाय, ईएसपी बोर्डं, आयआर ब्लास्टर (रिमोटची नक्कल करणारा) या सगळ्यांचे पत्ते मॅक ॲड्रेसवरून (प्रत्येक उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) राखून ठेवा. डोंगलचा पत्ता झिगबी-टू-एमक्यूटीटीत ‘टीटीवाययूएसबी०’ (ttyUSB0) असा लिहिला असेल तर तो ‘बाय-आयडी’ने (by-id), म्हणजे डोंगलच्या न बदलणाऱ्या नावाने, लिहा. दुसरं एखादं यूएसबी उपकरण आधी उठलं की शून्याचा एक होतो आणि झिगबी अख्खं गायब. ईएसपी बोर्डं आलटून पालटून जोडली-तुटली जात असतील, एक आलं की दुसरं जातं असं दिसत असेल, तर दोघांचा क्लायंट आयडी (ब्रोकरला सांगायचं नाव) एकच आहे. नियमच असा आहे की त्याच आयडीने दुसरा आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. एका बोर्डाचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यावर चिकटवलं की हे होतंच.

बॅटरीवरचे सेन्सर मात्र वेळ घेतात. लाईट गेल्यावर त्यांचा मधला पोचवणारा नाहीसा झालेला असतो, आणि काही सेन्सर नवा शोधायला तासन्‌तास लावतात. सेन्सरचं बटण एकदा दाबून त्याला जागं करा. पुन्हा जोडायची घाई नको. उलट बाजूही लक्षात ठेवा: झिगबी-टू-एमक्यूटीटीत उपलब्धतेची तपासणी चालू केली तरी बॅटरीवरच्या उपकरणाला मेलेलं म्हणायला तो मुळात २५ तास थांबतो. म्हणजे ‘ऑनलाइन’ दिसणारा दाराचा सेन्सर काल दुपारीच संपलेला असू शकतो.

पण खरं औषध म्हणजे यातलं काही घडूच न देणं. फायबरचा डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा, व्होल्टेज आणि पिन जुळतात ना ते बघून. पाय आणि डिस्कचा हब इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, आणि इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ असा मोड असेल तर तो ठेवा. साध्या मोडमध्ये बदलाचा क्षण एवढा लांबतो की पंख्याला कळत नाही, पण पाय रीस्टार्ट होतो. तुमच्याकडे इन्व्हर्टर असूनही पाय बंद पडतो, त्याचं कारण बहुधा हेच.

सिनेमा अडखळण्याचा दिव्यांशी संबंध नाही, किंवा थोडाच आहे. जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा, सिनेमा चालू असताना तिथे ‘डायरेक्ट प्ले’ लिहिलं आहे की ‘ट्रान्सकोड’ ते बघा. डायरेक्ट प्ले म्हणजे फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे जाते, पायला फक्त हमाली. ट्रान्सकोड म्हणजे पाय प्रत्येक चौकट उलगडून पुन्हा बांधतोय, आणि हे काम त्याच्या आवाक्यातलं नाही. जेलीफिनवाले स्वतः रास्पबेरी पायवर ट्रान्सकोडिंग करू नका असंच सांगतात. पाय ५ घेऊनही हे सुटणार नाही, त्यात तर एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर एन्कोडिंग काढूनच टाकलं आहे.

तुमच्याकडे सबटायटल लावल्यावरच अडतं, तेव्हा कारण जवळपास उघड आहे. ब्लू-रेवरून आलेले पीजीएस सबटायटल हे अक्षरं नसून चित्रं असतात. टीव्हीच्या ॲपला ती दाखवता येत नसतील तर जेलीफिन ती चित्रावर ठसवून पाठवतो, म्हणजे अख्ख्या सिनेमाचं ट्रान्सकोडिंग. त्याच सिनेमाची एसआरटी (अक्षरांच्या सबटायटलची) फाइल मिळवा, यूटीएफ-८ मध्ये जतन करा, शेजारी ठेवा. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाँटमध्ये देवनागरी नाही, जेलीफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फाँटचा फोल्डर देता येतो. चौकोनांऐवजी विचित्र रोमन चिन्हं आली तर फाँट नव्हे, फाइलचं एन्कोडिंग चुकलं आहे. डीटीएस प्रकारचा आवाज टीव्हीला कळत नसेल तर तेवढा आवाजच बदलावा लागतो, ते पायला झेपतं.

फोर-केच्या मोठ्या फायलींसाठी टीव्हीला लॅनची केबल लावाल तर एक गंमत ध्यानात ठेवा: अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट अजून १०० मेगाबिटचंच असतं, आणि फोर-के ब्लू-रेचा बिटरेट मोक्याच्या दृश्यांत त्याच्या वर जाऊ शकतो. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफायच बरं.

रात्री आपोआप सुरू होणारा टीव्ही. एचडीएमआय केबलमध्ये सीईसी नावाची एक तार असते, तिच्यावरून जोडलेलं उपकरण टीव्हीला उठवू शकतं. लाईट आली, टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक सुरू झाली, तिने टीव्हीला उठवलं. किंवा दार उघडल्याची बोलती सूचना होम असिस्टंटने सगळ्या स्पीकरांना पाठवली, त्या यादीत स्टिकही आहे. होम असिस्टंटचं लॉगबुक त्या मिनिटाला काय म्हणतं ते बघा. तिथे काही नसेल तर स्टिक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसीचं नाव प्रत्येक कंपनीने आपापलं ठेवलं आहे, पण आत कुठेतरी ‘आपोआप चालू होणे’ हा पर्याय असतो. तेवढाच बंद करा, सगळी सीईसी बंद केली तर एका रिमोटवर सगळं चालवायची सोय जाते.

जाता जाता तुम्ही विचारलेलं पॅसेजच्या दिव्याचं. माणूस उभा असताना दिवा जातो, कारण ऑटोमेशनचा मोड मुळात ‘सिंगल’ असतो: पहिली हालचाल, दिवा चालू, पाच मिनिटांचा डिले, आणि त्या डिलेत आलेली नवी हालचाल सरळ दुर्लक्षित. मोड ‘रीस्टार्ट’ करा, प्रत्येक हालचालीला मोजणी नव्याने सुरू होईल. बरेच बॅटरीवरचे पीआयआर (हालचाल ओळखणारे) सेन्सर एकदा कळवल्यावर मिनिटभर गप्प बसतात, म्हणून डिले दोन मिनिटांच्या खाली आणू नका.

मिनी पीसी घ्यायचा का? दिव्यांसाठी नको. घेतलात तर तो चालेलही, पण बहुधा त्याच्याबरोबर नवा अडॅप्टर आला आणि डिस्क डोंगलपासून लांब गेली म्हणून. घरातल्या सगळ्यांच्या टीव्ही-फोनवर वेगवेगळ्या फायली ट्रान्सकोड करून हव्या असतील तर मात्र इंटेलच्या क्विक सिंकवाला (व्हिडिओ ट्रान्सकोड करणारं खास हार्डवेअर असलेला), एन१०० सारख्या प्रोसेसरचा छोटा पीसी जेलीफिनसाठी घ्या, डिस्क त्याला लावा, आणि पाय दिवे-मोटरीसाठी एकटा सोडा. सिनेमा बंद पडला तर घरात कुरकुर होते, दिवे बंद पडले तर वडील अंधारात जिना उतरतात. त्या दोन गोष्टी एका डब्यात असू नयेत हे माझं जुनं मत आहे.

क्रम असा ठेवा: मोटर आजच. मग डोंगलची केबल, मग अडॅप्टर, मग कार्ड आणि डिस्क, मग राउटरमधले पत्ते. एका वेळी एकच बदल, आणि मध्ये एक-दोन संध्याकाळी जाऊ द्या, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. एवढं करूनही सिनेमाच्या वेळी दिवे अडले तर त्या मिनिटाचा झिगबी-टू-एमक्यूटीटीचा डीबग लॉग, थ्रॉटलिंगचं उत्तर आणि जेलीफिन डॅशबोर्डचा फोटो, तिन्ही एकाच वेळचे, पाठवा.